गाडी उभी, पट्टा पळतोय

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. मुंबईहून मीरा-भाईंदरकडे निघालेल्या गाड्या दहिसर चेकनाक्यापाशी एकीला एक खेटून उभ्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथला छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, गर्दी मात्र कुणी माफ केली नाही. एसी चालू, गाणी चालू, दिवे चालू आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. अशा वेळी तुम्हाला कुणी सांगितलं, की तुमच्या गाडीतली एक वस्तू आत्ता ताशी २२ किलोमीटर वेगानं पळतेय, तर?

विश्वास ठेवू नका, हिशेब करा. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. तिचा व्यास १५ सेंटीमीटर धरला, तर घेर होतो ४७ सेंटीमीटर. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला पुलीवरचा पट्टा ४७ सेंटीमीटर पुढे जातो. सेकंदाला सव्वासहा मीटर, तासाला साडेबावीस किलोमीटर! रोज सगळे सिग्नल आणि नाके मिळून एक तास गाडी जागच्या जागी चालू राहिली, तर वर्षाच्या ३०० दिवसांत पट्टा पावणेसात हजार किलोमीटर धावतो. मुंबईहून दिल्लीला दोनदा जाऊन यावं आणि तरी अंतर उरावं, इतकं. गाडीच्या मीटरवर यातला एकही किलोमीटर चढत नाही.

म्हणून 'अमुक हजार किलोमीटरला पट्टा बदला' हे गाडीच्या पुस्तिकेतलं वाक्य मीरा रोडच्या माणसानं जरा जपून वाचावं. बऱ्याच पुस्तिकांत धूळ आणि कोंडी सोसणाऱ्या गाड्यांसाठी वेगळं, अधिक कडक वेळापत्रक दिलेलं असतं. ते पान आपल्यासाठी आहे.

या पट्ट्यावर किती जणांचं पोट आहे बघा. बॅटरी भरणारा अल्टरनेटर त्याच्यावर फिरतो. एसीचा कॉम्प्रेसरही. कित्येक गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचा पंपही. चार-साडेचार मिलीमीटर जाडीचा, जेमतेम बोटभर रुंदीचा एक रबरी पट्टा! तो तुटला की आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाण्याचा पंपही त्याच्यावरच असेल, तर पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागतो. असा दिवा घोडबंदर रस्त्यावर रात्री लागला, तर 'घरापर्यंत जाईल' म्हणून गाडी रेटायची नाही. पाण्याशिवाय तापलेलं इंजिन काही मिनिटांत कायमचं वाकडं होऊ शकतं.

आता खरी नवलाची गोष्ट. या पट्ट्याला आडवे दात नाहीत. साखळीसारख्या कड्या नाहीत. पुलीला तो कुठेही अडकवलेला नाही. मग तो ओढतो कसा?

नुसत्या घर्षणानं! इंजिनाच्या आत ज्याला मारायला आपण लिटरनं ऑइल ओततो, तेच घर्षण इंजिनाच्या बाहेर सगळा कारभार सांभाळतं.

ही पकड किती जबर असते ते पाहायचं, तर उत्तनच्या किनाऱ्यावर जा. होडी बांधताना दोराचे खांबाला दोन-तीन वेढे देतात आणि मोकळं टोक नुसतं हातात धरलं, तरी लाटा होडीला सोडवू शकत नाहीत. का? अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं आणि त्याच्यानंतर योहान आयटेलवाइन या जर्मन अभियंत्यानं त्याचं सूत्र मांडलं. दोर आणि खांब यांचं घर्षण मध्यम धरलं, म्हणजे ०.३, तर अर्धा वेढा तुमची ताकद अडीचपट करतो. एक वेढा साडेसहापट, दोन वेढे ४३ पट आणि तीन वेढे तब्बल २८५ पट! टोकाला एक किलोची ओढ, पलीकडे २८५ किलोचा अडसर. वेढे बेरजेनं वाढतात, पकड गुणाकारानं.

त्याहून विलक्षण म्हणजे या सूत्रात खांबाची जाडी कुठेच येत नाही. बारीक खांब असो की जाडजूड, पकड ठरते ती दोर किती कोनातून वळला यावर. हाच नियम बॉनेटखाली. अल्टरनेटरची पुली जेमतेम साडेपाच सेंटीमीटरची असली, तरी पट्टा तिला पुरेसा वळसा घालत असेल, तर ती मोठ्या पुलीइतकीच घट्ट पकडली जाते.

आता बॉनेट उघडून पाहा. पट्ट्याच्या वाटेत एखादी गुळगुळीत पुली दिसेल. ती काहीच फिरवत नाही, तिच्यामागे ना पंप ना यंत्र. ही आयडलर पुली. मग ती तिथं कशाला? बऱ्याचदा पट्ट्याला वाट वाकडी करायला लावून शेजारच्या पुलीवरचा त्याचा वळसा वाढवायला! बिनकामाची दिसणारी ही पुली ऑयलरच्या सूत्रातला कोन वाढवत असते.

अर्ध्या वेढ्याला अडीचपट पकड मात्र कॉम्प्रेसरसारख्या जड गिऱ्हाइकाला पुरत नाही. सपाट पट्ट्यांची ही जुनी अडचण. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्यांचा एक पट्टा बनवला. त्याचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, खाली निमुळता होता. पुलीलाही तशीच खाच. पट्टा ताणला, की तो पाचरीसारखा खाचेत रुतून बसतो आणि दोन्ही भिंतींवर दाब देतो. या एका युक्तीनं घर्षण जवळपास तिप्पट झाल्यासारखं होतं. आणि घर्षण सूत्रात घातांकात बसलेलं असल्यामुळे अर्ध्या वेढ्याची पकड अडीचपटीवरून थेट १८ पटीवर जाते. रबर तेच, पुली तेवढीच, फक्त आकार बदलला!

काळीपिवळी म्हणून आपण ओळखायचो, त्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत असाच एक व्ही-पट्टा होता. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायचा, टॉमीनं तो बाहेर रेटून धरायचा, दुसऱ्या हातानं पाना फिरवायचा. पट्टा ताणून झाला.

पण व्ही-पट्टा जाडजूड. तो लहान पुलीवर नीट वळत नाही, आणि उलट बाजूनं तर त्याहून कमी वाकतो. एसी आला, पॉवर स्टीअरिंग आलं, तसे एकाच इंजिनावर दोन-तीन पट्टे लटकू लागले. त्यावरचं उत्तर १९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीत दिसलं. एक मोठा व्ही काढून टाकायचा आणि त्याच्या जागी इवल्या इवल्या व्हींची रांग लावायची. पट्टा पातळ झाला, हवा तसा वाकू लागला, पाठीनंही पुली फिरवू लागला. नागमोडी वाटेनं जाणारा एकच पट्टा सगळ्यांना पुरला.

आज तुमच्या गाडीत बहुधा तोच आहे. त्याच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, समजा '६पीके१७५०'. हे गूढ नाही. पट्टा सहा धारांचा, त्या धारांचा नमुना पीके, लांबी १,७५० मिलीमीटर. पीके नमुन्यात एका धारेपासून दुसरीपर्यंतचं अंतर ३.५६ मिलीमीटर असतं, म्हणजे सहा धारांचा पट्टा साधारण २१ मिलीमीटर रुंद. दुकानदारानं नवा पट्टा हातात दिला, की हा आकडा जुन्याशी ताडून पाहा. तपासणीचा सगळ्यात सोपा भाग हाच.

आता या पट्ट्याचे हाल बघा. पावणेदोन मीटरचा पट्टा, वेग सेकंदाला सव्वासहा मीटर. म्हणजे गाडी नाक्यावर उभी असतानाही तो तासाला जवळपास १३ हजार फेऱ्या मारतो. वाटेत सहा पुल्या असतील, तर तासाला ७७ हजारांहून जास्त वेळा वाकतो, काही ठिकाणी पोटाकडे, काही ठिकाणी पाठीकडे. प्रत्येक वळणावर रबराची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते. हे सगळं धगधगत्या इंजिनाच्या अंगाला लागून. तरी तो लांबत नाही, कारण ओढ सोसणारं रबर नसतंच. रबराच्या पोटात पॉलिएस्टरच्या बारीक दोऱ्या शेजारी शेजारी गुंडाळलेल्या असतात. ओढ सोसायची दोऱ्यांनी, पकडायचं रबरानं, अशी वाटणी आहे. म्हणून पट्ट्याच्या कडेला दोऱ्यांची तूस सुटलेली दिसली, तर दुसरी कुठलीही तपासणी करत बसू नका. तो पट्टा संपला.

आणि हाल सर्वांत जास्त केव्हा होतात? गाडी सुसाट जाताना, असं वाटेल. उलट आहे. कॉम्प्रेसरला दोन किलोवॅट शक्ती हवी आहे असं धरा. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. इंजिन २,००० फेऱ्यांवर असेल, तर पट्ट्याला त्यासाठी १३ किलो ओढ पुरते. तेवढंच काम ८०० फेऱ्यांवर करायचं, तर ३२ किलो लागते! वेग कमी म्हणजे ओढ जास्त. कोंडीत उभं राहून एसी लावला की पट्ट्याची खरी परीक्षा सुरू होते. पट्टा दमला असेल तर तो तिथेच ओरडतो.

ते ओरडणं म्हणजे काय? सरकू लागलेल्या रबराची पकड स्थिर रबरापेक्षा कमी असते. पट्टा निसटतो, पुन्हा पकडतो, पुन्हा निसटतो, सेकंदाला शेकडो वेळा. सारंगीच्या गजाखाली तार अशीच पकडली आणि सोडली जाते, आणि त्यातून स्वर निघतो. आपल्या गाडीत त्याच भौतिकशास्त्रातून किंचाळी निघते, इतकंच!

या आवाजाचे दोन प्रकार ओळखू आले, तर अर्धी तपासणी कानानंच होते. एसी लावल्यावर किंवा गाडी चालू करताना येणारी लांबलचक किंचाळी बहुधा सांगते, की ताण कमी आहे, पट्टा सरकतोय. ठेका धरून येणारं चिक-चिक-चिक सांगतं, की एखादी पुली ओळीत नाही, पट्टा तिच्यात तिरका शिरतोय. खात्री करायला जाणकार मेकॅनिक चालत्या पट्ट्याच्या धारांवर पाण्याचा बारीक फवारा मारतो. आवाज लगेच वाढला, तर दोष ताणाचा. काही क्षण गप्प बसून पुन्हा आला, तर दोष पुल्यांच्या रांगेचा. पाण्याच्या चार थेंबांनी केलेलं निदान! हे मात्र सरावलेल्या हाताचं काम आहे. आणि पट्ट्यावर साबण चोळून किंवा स्प्रे मारून आवाज बंद करणं म्हणजे फक्त तक्रार दाबणं, दोष होता तिथंच राहतो.

ताण किती हवा? अंगठ्यानं दाबून पाहण्याची पद्धत जुनी आणि अजूनही कामाची. किती मिलीमीटर दबावा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. पण अंगठ्याहून सुंदर एक उपाय आहे. इंजिन बंद असताना दोन पुल्यांमधला पट्टा बोटानं छेडायचा आणि तो कुठल्या स्वरात थरथरतो ते ऐकायचं! तार ताणली की स्वर चढतो, हा नियम पट्ट्यालाही लागू. ३० सेंटीमीटरचा मोकळा भाग, सहा धारांचा पट्टा, ताण ३५ किलोच्या आसपास. तर तो सेकंदाला सुमारे ९४ वेळा थरथरतो. खर्जातला स्वर आहे हा. पट्ट्याची ही कंपनं मोजून ताण सांगणारं यंत्र खरोखर मिळतं.

नव्या गाड्यांत ताण राखायला स्प्रिंगची एक भुजा असते, तिला टेन्शनर म्हणतात. इंजिन चालू असताना ती हलकीशी थरथरली तर ठीक. धाडधाड उडत असेल, तर नवा पट्टाही टिकणार नाही.

आणि नजरेनं काय पाहायचं? इथे रबराच्या रसायनानं आपल्याला चकवलंय. जुने पट्टे नियोप्रीन रबराचे होते. म्हातारे झाले की त्यांना भेगा पडत, आणि भेगा मोजून निकाल देता येई. आताचे पट्टे बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णतेला इतकं चिवट, की त्याला सहसा भेगा पडतच नाहीत. ते टायरसारखं झिजतं. धारांमधल्या खाचा रुंद आणि खोल होत जातात, पट्टा पुलीच्या तळाला टेकू लागतो आणि पाचरीची सगळी जादू जाते. वरून पाहाल तर काळाभोर, नव्यासारखा! म्हणून खाचांची झीज मोजायला प्लास्टिकची छोटी मापपट्टी येते. त्या खाचांचं आणखी एक काम आहे. जुलैतल्या पावसात रस्त्यावरचं पाणी पट्ट्यावर उडतं, तेव्हा ते खाचांतून निघून जातं. झिजलेला पट्टा पुलीच्या तळाला टेकलेला असल्यामुळे पाण्याला जागाच उरत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात बॉनेटखालून किंचाळी येते.

पट्ट्याइतक्याच पुल्याही बोलक्या आहेत. क्रँकची पुली वरून ओबडधोबड लोखंडी चकती दिसते, पण बऱ्याच गाड्यांत ती आतून दुभंगलेली असते. मधला गड्डा वेगळा, बाहेरचं कडं वेगळं, आणि दोघांमध्ये रबराचं वलय. कशासाठी? चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोटांचे धक्के खातं. ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ धक्के. प्रत्येक धक्क्याला पोलादी क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि परत सुटतो! तो पीळ रबराचं वलय जिरवतं. वलय कुजलं, की बाहेरचं कडं डगमगतं किंवा गड्ड्यावरून सरकतं. तपासायचं कसं? इंजिन बंद ठेवून गड्ड्यापासून कड्यापर्यंत खडूची एक रेघ ओढा. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली, तर कडं सरकलंय.

अल्टरनेटरची कथा याहून न्यारी. त्याची पुली लहान, म्हणून तो इंजिनाच्या पावणेतीनपट वेगानं फिरतो. इंजिन ३,००० वर असेल तर हा आठ हजारांच्या वर. इतक्या वेगात फिरणारा जड गोळा इंजिनाबरोबर क्षणाक्षणाला मंद आणि जलद होईल कसा? त्यामुळे पट्ट्याला हिसके बसतात. म्हणून अनेक गाड्यांत, विशेषतः डिझेलवर चालणाऱ्या, त्याच्या पुलीत एकतर्फी क्लच बसवतात. इंजिन वेग घेतं तेव्हा तो पकडतो, इंजिन मंदावतं तेव्हा सोडून देतो. ही पुली एका दिशेला मोकळी फिरली आणि दुसऱ्या दिशेला अडली, तर चांगली. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे अडलेली, तर गेली.

पुल्यांचं बहुतेक दुखणं कळतं ते पट्टा काढल्यावरच. पट्टा चढवलेला असताना सगळ्या पुल्या एकमेकींच्या आधारानं गुमान फिरतात. तो उतरला, की प्रत्येक पुली हातानं फिरवून पाहता येते. बेअरिंगमध्ये ग्रीस शाबूत असेल, तर आयडलर पुली गुपचूप फिरते आणि लवकरच थांबते. खरखर ऐकू आली किंवा पुली भिरभिरत राहिली, तर ग्रीस सुकलंय. आपल्याकडे खाडी आणि मिठागरांवरून येणारी खारी दमट हवा, वर मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची धूळ. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोखंडी पुल्यांवर गंज धरतो आणि तो पट्ट्याला कानसीसारखा घासतो. पट्टा बदलायला दिलात, की मेकॅनिककडे पुल्यांच्या या पाच मिनिटांच्या तपासणीची मागणी जरूर करा. स्वतः हात घालणार असाल, तर इंजिन बंद, किल्ली खिशात, ओढणी आणि बाह्या आवरलेल्या. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

कित्येक इंजिनांत याचा एक दातेरी भाऊही लपलेला असतो, टायमिंग बेल्ट. १९६२ मध्ये ग्लास या जर्मन कंपनीनं तो प्रथम बाजारातल्या मोटारीत आणला. आपल्या मारुती ८०० मध्येही तोच होता. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा, हे गणित त्याला क्षणभरही चुकवता येत नाही, म्हणून त्याला दात. तो तुटला, तर अनेक इंजिनांत उघडे व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात. तो झाकणाआड असतो, आवाजानं क्वचितच इशारा देतो. त्याच्या बाबतीत डोळे-कान बाजूला ठेवून फक्त पुस्तिकेतली मुदत पाळायची.

मग बाहेरच्या पट्ट्याला दात देऊन सरकण्याची कटकट कायमची का मिटवली नाही? समजा, एसीचा कॉम्प्रेसर धावत्या गाडीत अचानक जाम झाला. दातांचा पट्टा असता, तर अडलेली पुली आणि फिरणारा क्रँकशाफ्ट यांच्यात सरळ कुस्ती लागली असती. घर्षणाचा पट्टा मात्र सरकतो, किंचाळतो, धूर काढतो, शेवटी तुटतो. तुम्हाला गाडी कडेला घ्यावी लागते, पण इंजिन शाबूत राहतं. पट्ट्याला सरकता येतं, हा त्याचा दोष समजून आपण आयुष्यभर तो ताणत आलो. मोक्याच्या वेळी इंजिनाला वाचवतं ते हेच सरकणं!